फोम नाही असं धरून

१२ जानेवारी

एकोणीस वर्षं जन्म-मृत्यूच्या खिडकीत काढली. आज नगराध्यक्षांनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून तुम्ही आपत्ती नियोजन अधिकारी. म्हणजे आजवर मेलेली माणसं लिहून घेत होतो, आता ती मरणार नाहीत हे बघायचं. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, कुणालाच कळत नाही, पण तुमचं अक्षर चांगलं आहे.

कारण उघड आहे. वर्षभरापासून आपल्या शहराच्या मधून कच्च्या तेलाच्या मालगाड्या जायला लागल्या. दिवसाला दोन, कधी तीन. रेल्वेने पत्र पाठवलं की अपघात झाला तर काय करणार याचा आराखडा द्या. जुना आराखडा कपाटात होता, तो वाचला. पान नऊवर लिहिलंय, 'लाटांची उंची पाहून बोटी किनाऱ्याला लावाव्यात.' इथे समुद्र सोडा, धड एक तळंही नाही. कुणीतरी दुसऱ्या शहराचा आराखडा जसाच्या तसा उतरवला आणि सात वर्षं तो सह्या होऊन पुढे सरकत राहिला. खूप हसलो. इतका गाढवपणा माझ्या हातून तरी होणार नाही, असं मनाशी म्हटलं.

ही वही हिने दिली. म्हणाली, साहेब झालात, रोज काय केलंत ते लिहीत जा, नाहीतर संध्याकाळी मला विचाराल.

खरा आनंद लेकीला झाला. ती अग्निशमन दलात तिसऱ्या तुकडीची प्रमुख. तिच्या हाताखालचे चारही जण तिला ताई म्हणतात, त्यातले दोघे तिच्याहून मोठे आहेत. "बाबा, आता आपण एकाच कामात," म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मुलीने बापाच्या पाठीवर थाप मारायची ही कुठली रीत, असं ही म्हणाली. मला बरं वाटलं.

१९ जानेवारी

लेकीबरोबर रेल्वे फाटकावर गेलो. तेलगाडी आली. ब्याऐंशी काळे टँकर मोजले. प्रत्येकावर नारिंगी पाटी, तिच्यावर १२६७. लेक म्हणाली, हा आकडा पाठ करा, हा दिसला की कच्चं तेल. फाटक नऊ मिनिटं बंद होतं. फाटकाला लागून लाँड्री आहे, तिथे दिवसभर बॉयलर चालतो. पलीकडे गल्लीत पासष्ट घरं. गटार रुळांकडून गल्लीकडे उतरतं. हे सगळं मी रोज पाहत होतो आणि काही दिसत नव्हतं.

तेल सांडलं तर त्याची वाफ जमिनीलगत पसरते, एक ठिणगी पुरते. पाणी मारून उपयोग नाही, तेल पाण्यावर तरंगून आणखी पुढे जातं. त्यावर फोम पसरायचा. "दुधावर साय येते ना बाबा, तशी. साय अख्खी असेल तर खालून वाफ वर येत नाही. मग आम्ही जवळ जाऊ शकतो."

"आणि फोम नसेल तर?"

"तर लांब उभं राहायचं आणि लोकांना आणखी लांब न्यायचं. फोम असेल तर पुढे, नसेल तर मागे. एवढंच आहे, बाकी सगळी पानं भरायची."

मी तेवढंच वहीत लिहून घेतलं. ती हसली.

२ फेब्रुवारी

आज सराव पाहिला. मैदानावर पांढराशुभ्र फोम पसरला, फार छान दिसलं. जवळ गेलो तर लिंबाचा वास. मी भांडारपालांना विचारलं. त्यांचं टोपणनाव कुलूपकाका, कारण ते स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावतात. ते म्हणाले, "साहेब, हा भांडी घासायचा साबण. खरा फोम सरावात उडवायला मिळतो होय?"

सगळीकडे असंच चालतं म्हणे. भांडारात चाळीस पिंपं आहेत. कागदावर चाळीसच्या चाळीस फोमची. प्रत्यक्षात अकरांमध्ये साबणाचं पाणी, सरावासाठी. सगळ्यांना सारखंच शिशाचं सील. कारण तपासणीला येणारा माणूस मोजतो, आणि चाळीस भरली पाहिजेत. मग ओळखायची कशी? काकांनी वाकून दाखवलं. साबणाच्या पिंपावर कडीच्या खाली खडूचा छोटा गोल. तपासणीच्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचा, ती संपली की पुन्हा काढायचा. कुठलं पिंप कुठल्या जागी, ते काकांना पाठ. अग्निशमन प्रमुखांना एवढंच माहीत की सरावाची पिंपं वेगळी असतात. कशी वेगळी, ते त्यांनी कधी विचारलं नाही. खडूची खूण काकांना आणि तीन तुकड्यांच्या प्रमुखांना ठाऊक. आणि आता मला.

कार्यालयं अशीच चालतात. मला त्यात वावगं वाटलं नाही, उलट गंमत वाटली.

१६ फेब्रुवारी

वीस तारखेला रेल्वेची तपासणी. माझ्या कारकिर्दीतली पहिलीच. भांडारात गेलो तर लाज वाटली. पिंपं गंजलेली, कशीही ठेवलेली, एकाला चिकटून एक. कुलूपकाका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर, महिनाअखेरीला येतील. किल्ली माझ्याकडे.

दोन रंगारी लावले. पिंपं बाहेर काढून धुवा, लाल रंग मारा, पांढऱ्या रंगात एक ते चाळीस आकडे घाला आणि पाच-पाचच्या आठ ओळींत लावा. माझ्या डोक्यातली कल्पना. जन्म-मृत्यूच्या खिडकीतली रजिस्टरंही मी अशीच लावली होती.

१७ फेब्रुवारी

रंग सुरेख बसलाय. भांडार आता भांडार वाटतं. मी दारात उभा राहून पाच मिनिटं नुसता बघत होतो.

२० फेब्रुवारी

तपासणी झाली. रेल्वेचे साहेब ओळींमधून फिरले, आकडे वाचले, म्हणाले, असं नीटनेटकं भांडार या मार्गावर दुसरं नाही. नगराध्यक्षांनी माझा हात धरून फोटो काढून घेतला. पिंपं मागे, आम्ही पुढे. प्रमुख म्हणाले, खिडकीतल्या माणसाने करून दाखवलं.

लेक दौऱ्यावर होती. संध्याकाळी तिला फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. "सगळीच रंगवलीत?" म्हणाली. मी म्हटलं, अर्धवट काम मला जमत नाही.

२७ फेब्रुवारी

काका आले. काळा चष्मा लावून. दारात थबकले, मग आत जाऊन ओळींमधून एकदा फिरले, पुन्हा फिरले. एका पिंपासमोर वाकले, कडीच्या खाली अंगठा फिरवला.

"साहेब, खुणा?"

मी म्हटलं, "कसल्या खुणा?" आणि म्हणता म्हणताच आठवलं.

जागाही बदललेल्या, खुणाही गेलेल्या. चाळीस पिंपं, एकसारखी लाल, माझ्या सुंदर आकड्यांची. त्यातल्या अकरांत भांडी घासायचा साबण आहे आणि कुठल्या अकरांत, हे आता जगात कुणालाच माहीत नाही. मी विसरलो कसा? रंगवायच्या दोनच आठवडे आधी त्यांनी वाकून दाखवलं होतं. गंमत वाटली म्हणून वहीतही लिहिलं होतं. मागचं पान उलटून पाहिलं, माझंच अक्षर.

काका म्हणाले, "सोपं आहे. सील उघडायचं, हुंगायचं. अर्ज भरा, प्रमुखांची सही घ्या, अर्ध्या दिवसाचं काम."

२८ फेब्रुवारी

सील उघडण्याच्या अर्जात सहा रकाने आहेत. पाच भरले. सहावा 'कारण'.

चार कागद फाडले. 'नियमित तपासणी' लिहिलं तर प्रमुख विचारतील, आठ दिवसांपूर्वी झाली ना? 'शंका' लिहिलं तर कसली? खरं लिहायचं तर असं लिहावं लागेल की फोटो काढून घेण्यासाठी मी शहराचा फोम हरवला. नगराध्यक्षांच्या भिंतीवर तो फोटो लागलाय.

रेल्वेचा लेखी अहवाल महिन्याभरात येईल, त्यात शेरा चांगला आहे असं कळलं. तो एकदा हातात पडू दे, मग लगेच अर्ज देतो. काकांना तसं सांगितलं. काका म्हणाले, "माझे तीन महिने राहिलेत. मी माझं तोंड उघडायचो नाही. तुमचं तुम्ही उघडा, लवकर उघडा."

आजवर एकही तेलगाडी घसरलेली नाही. महिन्याभरात काय होतंय?

६ मार्च

लेक पुस्तक घेऊन बसली आणि म्हणाली, माझे प्रश्न घ्या. बढतीची परीक्षा असेल. मी विचारत गेलो, ती धडाधड सांगत गेली. मग म्हणाली, आता मी विचारते.

"भांडारातली सीलं उघडायला सही कुणाची लागते?"

"प्रमुखांची. अर्ज नियोजन अधिकाऱ्याचा."

"आणि सरावाचं पिंप खऱ्यात मिसळलं तर कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, हे पुस्तकात कुठे आहे? ती म्हणाली, पुस्तकात नाही, मी सहज विचारलं. पाणी प्यायलो आणि म्हटलं, मिसळायचंच कशाला. तिने पुस्तक मिटलं. पोरगी फार मन लावून अभ्यास करते. आमच्या घरात हे कुणाकडून आलं कळत नाही.

११ मार्च

आज हातून एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवतो.

टपालात तिसऱ्या तुकडीचं पत्र होतं. 'भांडारातील सर्व पिंपांतील फोमची चाचणी व्हावी, ही विनंती.' दोन ओळी. खाली लेकीची सही, पदासकट. तिला काय माहीत असणार? तिचा कामाचा उत्साह. एका अर्थी देवानेच वाट दाखवली होती. त्या पत्राला जोडून अर्ज पाठवला असता तर 'कारण' हा रकाना आपोआप भरला असता: तुकडीची मागणी. माझं नाव कुठेही आलं नसतं.

पण चाचणी झाली की अकरा पिंपं निघणार. निघाली की कुणी मिसळली हे विचारणार. अहवाल अजून आलेला नाही.

मी पत्राच्या कोपऱ्यात 'चर्चा करावी' असं लिहिलं, सही केली आणि परत पाठवून दिलं. एकोणीस वर्षांत असं शेकडो कागदांवर लिहिलं असेल. 'चर्चा करावी' म्हणजे काय होतं हे कार्यालयातल्या शिपायालाही कळतं. आजही लिहिलं.

१२ मार्च

लेक जेवताना काही बोलली नाही. लवकर उठून खोलीत गेली, लिहीत बसली होती. दमली असेल.

१९ मार्च

तिसऱ्या तुकडीकडून वाळूची दोनशे पोती, पन्नास फावडी आणि गटाराची तोंडं बंद करायला रबरी चादरी अशी मागणी आली. मी त्याच मिनिटाला सही केली, कारणसुद्धा विचारलं नाही. वर गाडीची सोय करून दिली. एवढं तरी लेकीसाठी करता आलं, या विचाराने दिवसभर हलकं वाटलं.

ती म्हणे आपल्या चौघांना घेऊन रोज सकाळी फाटकापाशी जाते आणि गटाराची उतरण मोजते. लाँड्रीवाल्यालाही बॉयलर किती मिनिटांत बंद होतो ते विचारून आली. प्रमुख हसत होते, तुमच्या लेकीने बंबवाल्यांचे गवंडी केले म्हणून. मीही हसलो.

२८ मार्च

अहवाल आला. 'भांडार: उत्कृष्ट.' आता अर्ज द्यायला हरकत नाही. पण नगराध्यक्षांनी पाच एप्रिलला छोटा कार्यक्रम ठेवलाय, त्याच्या आधी काही नको. काकांनी मला पाहून मान वळवली.

मला आता स्वतःची किळस यायला लागली आहे. तरी अर्ज खणातच आहे.

२ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी अकरा वीसला फाटकाच्या अलीकडे तेलगाडीचे तीन टँकर रुळांवरून उतरले. दोन कलले, एक आडवा झाला. त्याच्या झडपेतून तेल यायला लागलं, काळं, जाड, मनगटाएवढी धार. मी पोचलो तेव्हा तिसरी तुकडी आधीच तिथे होती. लाँड्रीचा बॉयलर बंद. गल्ली रिकामी होत होती, लोक चालत निघाले होते, कारण लेकीने एकही गाडी सुरू करू दिली नव्हती. गटाराच्या तोंडावर रबरी चादर आणि तिच्यावर वाळूची पोती. मला वाटलं, बारा मिनिटांत हे सगळं? माझ्या आराखड्यात पंचेचाळीस लिहिली होती.

मग प्रमुख फोमचा बंब आणि ट्रकमधून पिंपं घेऊन आले. पहिल्या पिंपाचा फोम बसला. पांढरा, घट्ट, तेल दिसेनासं झालं. प्रमुख ओरडले, शाबास. दुसरं पिंप लावलं. पसरलं तेव्हा अगदी तसंच दिसलं. आणि मग वास आला.

लिंबाचा. तेलाच्या त्या उग्र वासातून, स्वच्छ, ओळखीचा, मोरीतल्यासारखा.

पाच मिनिटांत साय फाटली. जागोजागी काळी भोकं पडली, भोकं एकमेकांत मिसळली. प्रमुख म्हणाले, आणखी मारा. तिसरं चांगलं निघालं, चौथं पुन्हा लिंबाचं. एकावर एक पडत होतं, आणि ते पातळ पाणी तेलाला गल्लीच्या बाजूला ढकलत होतं. लेकीने ते पाहिलं आणि आपल्या चौघांसह फावडी घेऊन पुढे गेली. तेल त्यांच्या बुटांच्या वर आलं होतं. वाळूचा बांध घालत होती. तेलाच्या इतक्या जवळ, आणि वर साय नाही. फोम असेल तर पुढे, नसेल तर मागे, हे तिनेच मला शिकवलं होतं.

मी लोकांना अडवायला बांधलेल्या पट्टीच्या मागे आराखड्याची फाईल छातीशी धरून उभा होतो. प्रमुख माझ्यापासून वीस पावलांवर. एवढंच ओरडायचं होतं, ती पिंपं साबणाची आहेत, थांबवा. तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. आवाज आला नाही. लेकीने एकदा मान वळवून माझ्या बाजूला पाहिलं, क्षणभर फावडं थांबलं. माझ्या मागे पाण्याचा बंब होता, त्याच्याकडे बघत असावी.

मग ती पुन्हा खाली वाकली.

बांध धरला. पेट घेतला नाही. का घेतला नाही याला काही कारण नाही, वारा उलट्या दिशेचा होता आणि ठिणगी पडली नाही, इतकंच. अडीच वाजता रेल्वेच्या माणसांनी झडप बंद केली.

३ एप्रिल

लेक काल घरी आली तेव्हा दारातच बूट काढले. हिने कपडे बादलीत टाकले, म्हणाली, या तेलाला लिंबाचा वास कसा गं येतो?

लेक म्हणाली, "बाबांना विचार."

मी म्हटलं, बाजूला लाँड्री आहे, तिथला साबण असेल.

लेकीने मान डोलावली. "हो. लाँड्रीचा असेल," म्हणाली आणि हात धुवायला गेली. जीव भांड्यात पडला. तो पडला याचीच आज सकाळपासून लाज वाटते आहे.

५ एप्रिल

कार्यक्रम रद्द. त्याऐवजी चौकशी. प्रमुख, नगरपालिकेचे अभियंता आणि सचिव मी. मीच.

सरावाची पिंपं खऱ्यांत मिसळली गेली, हे प्रमुखांच्या लक्षात आलंय. भांडाराचा ताबा कुणाकडे? कुलूपकाकांकडे. त्यांना बोलावलं. चष्मा काढून, हातात धरून उभे राहिले.

"खुणा कशा होत्या?"

"खडूच्या."

"पुसल्या कुणी?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. "गेल्या," म्हणाले. "माझ्या रजेत गेल्या. कुणी ते मी सांगणार नाही."

अभियंता म्हणाले, खडूने खुणा करायच्या ही काय पद्धत झाली? काका म्हणाले, चूक माझी आहे. निलंबन झालं. निवृत्तीला पावणेदोन महिने राहिले असताना.

हे सगळं मी इतिवृत्तात लिहिलं. 'भांडारपालांनी चूक मान्य केली.' अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलंय.

६ एप्रिल

चौकशीच्या फाईलला तिसऱ्या तुकडीचा कामाचा आराखडा जोडायचा होता, म्हणून दुपारी दलाच्या कार्यालयात गेलो. लेक बाहेर बंब धूत होती. तिच्या टेबलावरून मीच कागद उचलला. दोन पानं, पेन्सिलीने काढलेला गटाराचा नकाशा, बॉयलर, गल्लीतली पासष्ट घरं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तेसुद्धा. कुणाला फोन करायचा त्यांची यादी: स्टेशन मास्तर, दवाखाना, पाणीपुरवठा, लाँड्री. नियोजन अधिकारी यादीत नाही.

सगळ्यात वर मथळा, खाली दोन रेघा मारलेल्या. 'फोम नाही असं धरून.'

आणि तारीख. १२ मार्च.

मी ही वही रोज कार्यालयात बरोबर नेतो. तिथेच उघडून मागची पानं काढली. अकराला मी 'चर्चा करावी' लिहून पत्र परत पाठवलं. बाराला ती जेवताना बोलली नाही, खोलीत लिहीत बसली. मी लिहिलंय, 'दमली असेल.'

बाहेर गेलो. तिने नळ बंद केला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"फोटो दाखवलात तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी तुमची किल्ली घेऊन भांडारात जाऊन आले. काका परत आल्यावर त्यांना विचारलं, खुणा कुठे गेल्या? ते चष्मा पुसत बसले. तेवढं पुरलं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारलं की. प्रश्न घ्या म्हणून पुस्तक घेऊन बसले होते. कसली परीक्षा, बाबा? माझी परीक्षा मागच्या वर्षीच झाली. मग पत्र दिलं. म्हटलं, तोंडाने जमत नसेल तर कागदाने जमेल."

मी म्हटलं, "प्रमुखांकडे जायचंस."

तिने हातातला फडका पिळून पुन्हा पिळला.

"जायलाच हवं होतं," म्हणाली. "दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. तुमचं नाव सांगावं लागलं असतं. मग मी स्वतःला समजावलं की वाळूने भागेल. आणि त्या दिवशी चार माणसांना तेलात उतरवलं. त्यांना वाटत होतं, ताई सांगतेय म्हणजे ठीक असेल. त्यातल्या एकालाही मी सांगितलं नाही की मला आधीपासून माहीत होतं. मला तुमची लाज नाही वाटत, बाबा. मला माझी वाटते."

मला वाटलं होतं, लाज फक्त माझी आहे, मी ती गिळून गप्प बसलोय, कुणाचं काय जातंय. ती पोरीच्या अंगावर कधी गेली मला कळलंही नाही. तिने नळ सुरू केला.

७ एप्रिल

खणातला अर्ज काढला. पाच रकाने भरलेलेच होते. सहाव्यात लिहिलं, 'खुणा असलेली पिंपं मी रंगवून घेतली. मला आठवण करून देण्यात आली, तरी मी सव्वा महिना लपवलं.' एका झटक्यात झालं. सव्वा महिना ज्यासाठी घालवला त्याला दोन ओळी पुरल्या.

चौकशीत उभा राहून तेच वाचलं. प्रमुख आधी हसले, त्यांना वाटलं मी काकांना वाचवतोय. मग हसू गेलं. अभियंत्याने विचारलं, सरावाची पिंपं खऱ्यांत आहेत हे इतर कुणाला माहीत होतं का? मी 'नाही' म्हणणार होतो. त्याआधीच दारातून लेक म्हणाली, "मला होतं." तिला कुणी बोलावलं नव्हतं. गणवेश घालून आली होती, आणि मागे तिची चारही माणसं. त्यांना तिने सकाळीच सांगितलं होतं म्हणे. त्यातला वयाने मोठा तिच्याकडे बघत नव्हता.

१५ एप्रिल

सीलं उघडली. दोन तारखेला चार पिंपं वापरली गेली होती, त्यातली दोन लिंबाची. उरलेल्या छत्तीसांत नऊ निघाली. काका एकेक हुंगून सांगत होते, मी लिहीत होतो. साबणाच्या पिंपांवर आता पिवळ्या रंगाचा पट्टा आहे, कुणालाही दिसेल असा. काका परत कामावर आले. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

फोटो भिंतीवरून निघाला. मी खिडकीत परत गेलो. लेकीची तुकडी काढून घेतली, सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली. ही माझ्याशी अजून बोलत नाही, जेवण मात्र वाढते.

२९ एप्रिल

दलाचा नवा आराखडा आज छापून आला. तिसऱ्या तुकडीचाच पूर्ण शहरासाठी घेतला. नावं नाहीत, फक्त पदं. खिडकीत एक प्रत आली, सगळ्याच खात्यांना येते. आता फोम खरा आहे, तपासलेला आहे, पट्ट्यांसकट, मी स्वतः लिहून घेतलाय. म्हटलं, मथळा बदलला असेल.

पहिली ओळ तीच आहे.

संध्याकाळी लेक आली तेव्हा प्रत टेबलावर होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी विचारीन म्हणून थांबली. मी विचारलं नाही. पाणी आणून दिलं, तिने ते घेतलं.